भिंतीची टाइल मागून पाहू

"काय वं, टाइला पाह्यले नागपूरले गेल्ती म्हणे तू?"

प्रश्न भिंतीपलीकडून आला. आमच्या आणि काकूंच्या आवारामध्ये छातीएवढी विटांची भिंत आहे. काकूंनी तिच्यावर कोपर टेकले की आपण आधी गॅस बंद करून यायचं असतं, कारण गोष्ट पाच मिनिटांत आटोपत नाही. कोणाच्या दारात किती पेट्या उतरल्या, कोणाचा मिस्त्री ॲडव्हान्स घेऊन सौंसरला दुसऱ्याच कामावर लागला, कोणाच्या न्हाणीत कोण आपटलं, याची नोंद नगरपालिकेत मिळणार नाही. काकूंकडे तारीखवार मिळते.

"गेले होते काकू. पाहून आले, घेतलं काहीच नाही."

"बरं केलं. नाही तं मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईची गत झाली असती."

"त्यांचं काय झालं?"

"घे! तुले मालूमच नाही? काळ्या टाइला लावल्या न तिनं, चारही भिंतीले. लावल्या तवा तोंड दिसे त्याच्यात. आता जाऊन पाय. पांढऱ्या फटक पडल्या."

मग मीही एका संध्याकाळी हळदीकुंकवाच्या निमित्ताने ती न्हाणी पाहून आले. खरंच होतं. नळ बोअरचा. आपल्याकडे मातीखाली काळा खडक. त्याच्या फटींतून मुरत आलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येतं. पाणी वाळतं, क्षार भिंतीवर राहतात. बिस्किटी रंगाच्या टाइलवरही राहतात, फक्त डोळ्यांत भरत नाहीत. या काळ्या चकचकीत टाइलवर मात्र एकेका थेंबाने आपली गोल कडा आखून ठेवली होती आणि नळाखालच्या दोन ओळी पार करड्या पडल्या होत्या. बाईंनी वैतागून ॲसिडची बाटली आणून ओतली. डाग गेले, पण त्यांच्यासोबत टाइलांच्या सांध्यांतलं पांढरं सिमेंटही फेसाळून निघालं. सिमेंट अल्कधर्मी, ॲसिड त्याला खाणारच. आता त्या खाचांतून पाणी मुरतं आणि पलीकडच्या खोलीतल्या रंगाला पोपडे सुटतात.

"अन् शाळेत विज्ञान शिकवते म्हणे ती!" काकू म्हणाल्या.

आमच्या गल्लीत एकाएकी जो तो न्हाणीबद्दल बोलायला लागला, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळीला मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी आमचा पांढुर्णा जिल्हा होणार असं जाहीर केलं आणि ऑक्टोबरात छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर काढून तो झालाही. जिल्हा म्हणजे कचेऱ्या, कचेऱ्या म्हणजे बदलून येणारे साहेबलोक, साहेबलोक म्हणजे भाडेकरू, असा सरळ हिशेब मांडून लोकांनी वर दोन-दोन खोल्या चढवायला घेतल्या. आणि भाडेकरूला आजकाल खोलीला लागून बाथरूम लागते. आमच्याकडेही तेच चाललं आहे.

काकूंच्या माहेरी, लोधीखेड्याकडे, परसात तुराट्यांचा आडोसा होता आणि मधे एक सपाट दगड. सांडलेलं पाणी केळीच्या बुडाशी जायचं. लग्न होऊन पांढुर्ण्यात आल्या तेव्हा इथे लाल कोबा होता. पुढे हाती पैसा आला तशा सहा बाय सहाच्या पांढऱ्या चौकटी आल्या, दवाखान्यात असायच्या तशा, कंबरेपर्यंत. त्या अजून शाबूत आहेत.

"दगडावर बसा, आंग धुवा, टाच घासा, उठा. कोणी घसरलं नाही कधी. आता पाय. त्या कोपऱ्यावरच्या घरचा जावई?"

"सावरगावचे?"

"तोच. दरसाल गोटमारीत उतरते. त्या वर्षी बी उतरला. समोरून दगडं येऊन राहिले, हा चुकवून राहिला. एक नाही लागला त्याले! धडधाकट घरी आला, आंग धुवायले न्हाणीत गेला अन् धडाम. हात मोडला. अस्पतालात डॉक्टर विचारे, कोणत्या बाजूनं आला गोटा? आता काय सांगते तो, सासऱ्याच्या बातरूमातून आला म्हणून?"

ज्यांना गोटमार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि झेंड्यापर्यंत जो जाईल त्याच्यावर समोरून दगड. दरवर्षी माणसं जखमी होतात, कितीदा कोणी जिवालाही मुकलं आहे. अशा ठिकाणाहून सुखरूप परतलेल्या माणसाला दोन बाय चार फुटांच्या टाइलने आडवं केलं.

झालं असं की हॉलमध्ये लावलेल्या पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स उरल्या होत्या. 'वाया कशाला घालवायच्या' म्हणून मालकांनी त्याच न्हाणीच्या जमिनीला लावल्या. हॉलमध्ये ठीक आहे, तिथे कोणी तांब्याने पाणी ओतत नाही. न्हाणीत त्या गुळगुळीत पृष्ठावर पाण्याला आणि साबणाला सरकून जायला जागाच मिळत नाही. टाच आणि टाइल यांच्या मधे त्यांचा पातळ थर राहतो आणि माणूस त्या थरावर उभा असतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, हा तिचा गुण. पण पॉलिश केली की न्हाणीत तीच पाडते.

एवढ्यात ओसरीवरून काकांचा आवाज आला. काका रेल्वेतून रिटायर झालेत, दिवसभर मोबाइलवर काही ना काही वाचतात.

"त्याच्यावर नंबर असते. आर नऊ, आर दहा, आर अकरा, तेरापर्यंत जाते. जितका मोठा नंबर तितकी कमी घसरते."

"कोण देते जी नंबर?"

"जर्मनीची पद्धत हाये. फळीवर टाइला लावते, वरून तेल टाकते, बूट घातलेला माणूस त्याच्यावर चालवते. मग फळी हळूहळू वाकडी करत जाते. किती वाकड्यात घसरला त्याच्यावर नंबर."

काकूंनी क्षणभर विचार केला. "बूट घालून कोण आंग धुते जी? अन् तेलानं?"

काका पुन्हा मोबाइलमध्ये शिरले आणि जरा वेळाने हसत वर आले. काकूंचीच शंका जर्मन लोकांनाही आली होती. अनवाणी पायांची परीक्षा वेगळी आहे, त्यात तेलाऐवजी साबणाचं पाणी असतं आणि ए, बी, सी असे दर्जे देतात. सी सगळ्यांत कमी घसरणारी. आपल्या बाजारात पेटीवर किंवा कॅटलॉगात बहुधा आरचाच आकडा सापडतो. न्हाणीच्या जमिनीला दहाच्या खाली उतरू नये, अकरा मिळाली तर घ्यावी. त्याहून वर घरात कशाला? फार खरबरीत टाइल साबणाचा मळ धरते आणि मग ती ब्रशने घासत बसावं लागतं.

"आपल्या इथं सासूच चालून पाह्यते," काकू म्हणाल्या. "उद्या मी येतो तुह्यासंग."

आणि आल्या. नागपूरला नाही, इथल्याच दुकानात. माल सगळीकडे बहुतेक गुजरातेतल्या मोरबीचाच. नागपूरला दुकानं मोठी, मांडणी दिव्यांची, पण तिथून आणायचं तर गाडीभाडं आणि वाटेत फुटलेली पेटी आपल्या अंगावर. इथे एक पेटी कमी पडली तर मुलगा सायकलवर घेऊन येतो.

दुकानातल्या पोराने पहिलीच पांढरी टाइल काढली, तिच्यावर करड्या रेषा फाटे फुटत गेलेल्या.

"स्टॅच्युअरिओ. इटालियन मार्बल का लुक है, आंटीजी."

"हे भिंतीले तडे गेल्यावाणी काय हाये?"

"डिझाइन है."

"बापा! आमच्या घरी तडे फुकटात हायेत."

हसण्यावारी नेऊ नका. आमची गल्ली काळ्या मातीवर आहे. ही माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते आणि घराच्या जोत्याला दोन्ही वेळा हलवते. पाया खोल न गेलेल्या घरात भिंतीला तडा जातो, तो टाइलीखालूनही जातो. त्यावर दुकानात उपाय मिळत नाही. पण कोरी करकरीत दोन बाय चार भिंतीला लावली की तडा संबंध पाटीतून आरपार दिसतो. टाइल लहान असेल तर दोन-चार तुकडे बदलून भागतं.

मग पोराने लाइट, डार्क आणि हायलाइटर असा तिघांचा संच मांडला. खाली गडद निळा, वर फिका, मधे उड्या मारणारे डॉल्फिन.

"हे काढ बरं," काकू म्हणाल्या. "हे माह्याकडे पाहून राहिले. मले आंग धुवायची लाज वाटते."

मला डॉल्फिनचं वावडं नाही, पण काकूंच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. सगळ्यांत आधी बंद पडतो तो हायलाइटरच. साधी बिस्किटी टाइल पाच वर्षांनी जवळपास तशीच मिळते. फुटलेल्या डॉल्फिनची शेपटी कुठे शोधणार?

यानंतर काकूंनी जे केलं ते त्या दुकानात बहुधा आधी कोणी केलं नसेल. त्यांनी भिंतीची टाइल पालथी घालायला लावली आणि पर्समधून बाटली काढून तिच्या पाठीवर चार थेंब टाकले. पाहता पाहता पाणी आत गेलं, लालसर पाठीवर ओला डाग राहिला. मग जमिनीची टाइल पालथी घातली. तिच्यावर थेंब तसेच मण्यांसारखे उभे.

यात जादू नाही. भिंतीची सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. भिंतीला पिणारी चालते, उलट बरी पडते. वजनाला हलकी, दराला स्वस्त, कटरने सहज कापते, आणि पाठ पाणी पिते म्हणून सिमेंटचा माल धरून बसते. फक्त लावण्याआधी ती पाण्यात भिजत ठेवली पाहिजे, नाही तर मालातलं पाणी तीच ओढून घेते आणि माल भुसभुशीत राहतो. व्हिट्रिफाइडच्या पाठीला नुसता सिमेंटचा माल नीट चिकटत नाही, तिला टाइलचं ॲडेसिव्ह लागतं. आमच्याकडचे कितीक मिस्त्री 'मालानंच बसवून देतो, पैसे कायले घालवता' म्हणतात. बसवतात. वर्षभराने नाण्याने ठोकून पाहा, ठक् ऐवजी डब् असा आवाज आला तर आत पोकळ आहे.

जमिनीच्या टाइलला दुसरी परीक्षा होती. काकूंनी ती सुलट ठेवून बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं, पोराला हात धुवायची साबणाची वडी आणायला लावली, ती टाइलवर चोळली, पायातली चप्पल काढली आणि पदर खोचून एका पायावर उभ्या राहिल्या. एक हात माझ्या खांद्यावर. टाच डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. गल्ल्यावरून मालक उठून आले.

"माताजी, गिर जाओगे."

"म्हणूनच तं उभी हाव. इथं पडली तं तुमच्या दुकानात पडते, घरी पडली तं माह्या पोराच्या खर्चात."

पहिली टाइल सुळकन सरकली. दुसरी मॅट होती, हाताला बारीक रव्यासारखी लागणारी. तिच्यावर टाच अडली. काकूंनी मान हलवली आणि चप्पल घातली. आरचा आकडा काकांनी नंतर पेटीवर वाचला. अकरा होता.

मला जे म्हणायचं आहे ते याच जागी आहे. आपण न्हाणी निवडतो ती दुकानाच्या भिंतीवर, दिव्याखाली, कोरडी. घरी वापरतो ती ओली. कॅटलॉगातल्या बाथरूमला काचेचं दार असतं, शॉवर एका कोपऱ्यात असतो, बाकी जमिनीवर पायपुसणं आणि कुंडी. आपली न्हाणी सगळीच ओली. बादली, मग, कपड्यांचा पिळा, लेकराला पाटावर बसवून घातलेली आंघोळ, वर्षात कधी तरी लोणच्याच्या कैऱ्यासुद्धा तिथेच धुतल्या जातात. लोखंडी घमेलं आपटतं, स्टीलची बादली ओढली जाते. अशा जागेत आधी जमीन ठरवावी आणि तिच्या रंगाला शोभेल ती भिंत मागून पाहावी. घरोघरी होतं उलटं. भिंतीवर पैसा संपतो आणि जमिनीला 'काही तरी मॅचिंग' येतं.

जमिनीचा आकारही काकूंनी एका फटक्यात ठरवला. एक बाय एक फूट, त्याहून मोठी नाही. पोरगा म्हणाला, आजकल बडा साइज चलता है. चालत असेल. न्हाणीच्या जमिनीला जाळीकडे चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो. मोठी पाटी तशी वळत नाही, मग एक तर ढाळ कमी पडतो, नाही तर ती तिरकी कापावी लागते. लहान टाइल ढाळाबरोबर उतरत जाते, आणि सांधे जास्त असल्याने पायाला तेवढीच अडण मिळते. ढाळ मात्र टाइल लावण्याआधी बादलीभर पाणी ओतून स्वतः बघा. वरच्या मजल्याची न्हाणी असेल तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळी बंद करून चोवीस तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या खोलीचं छत पाहा. सांध्यांतलं सिमेंट पाणी पुरतं अडवत नाही, अडवतो तो खालचा थर. सांध्यांना पैसा असेल तर इपॉक्सी भरा, ॲसिडचा मोह झालाच तर ते टिकतं.

राहिला पेट्यांचा हिशेब. इथे अर्ध्या गावाची फसगत होते आणि दोष कोणाचाच नसतो.

आमची न्हाणी पाच बाय सात. चार भिंतींची लांबी मिळून चोवीस फूट, टाइल सात फुटांपर्यंत, म्हणजे १६८ चौरस फूट. अडीच फुटी दार वजा केलं की दीडशे. टाइल १२ बाय १८, पेटीत सहा, म्हणजे पेटीला नऊ चौरस फूट. दीडशेला नऊने भागा, सतरा पेट्या. तोंडी हिशेब, दुकानात सगळे असाच करतात. आता पेटीवर छापलेलं वाचा: ३०० बाय ४५० मिलिमीटर. बारा इंच म्हणजे जवळपास ३०५ मिलिमीटर आणि अठरा इंच म्हणजे ४५७. म्हणजे प्रत्येक टाइल बोलण्यापेक्षा थोडी लहानच. सहांची पेटी नऊ नाही, पावणेनऊलाही जरा कमी भरते. सतरा पेट्यांत १४८ चौरस फूट होतात. एकही टाइल न फोडता, एकही कोपरा न कापता भिंत दोन चौरस फूट उघडी राहिली. कापण्या-फुटण्याचे दहा टक्के धरले तर लागतात एकोणीस पेट्या.

माझ्या दिरांकडे अशीच पेटी कमी पडली. पुन्हा आणली तर नाव तेच, डिझाइन तेच, पण भट्टी दुसरी. पेटीवर बॅच आणि शेडचा नंबर असतो, तो वेगळा होता. दुकानाच्या उजेडात कळलं नाही. लावल्यावर दारामागचा पट्टा चहात दूध जास्त पडल्यासारखा दिसायला लागला. आता ते दार कायम उघडंच ठेवतात, म्हणजे पट्टा त्यामागे झाकला जातो. पाहुणा आत गेला की मग नाइलाज.

म्हणून सगळ्या पेट्या एकदम घ्या, प्रत्येक पेटीवरचा शेड आणि बॅच जुळवून घ्या, आणि न फोडलेली पेटी परत घेणार का ते आधी विचारून बिलावर लिहून घ्या. बिल पक्कं असू द्या. कच्च्या बिलावर अठरा टक्के वाचल्यासारखे वाटतात, पण परत करायला गेल्यावर कागद कोण ओळखतो? काकांना यावर बोलायचं होतंच. जीएसटी आला तेव्हा टाइलवर अठ्ठावीस टक्के होता, नोव्हेंबर २०१७ मध्ये अठरावर आला, हे त्यांना तोंडपाठ आहे.

"तुम्ही चूप बसा जी," काकू म्हणाल्या. "पोरीले पैसे मोजू द्या."

तर ठरलं ते असं. जमिनीला फिक्या करड्या रंगाची मॅट, एक बाय एक. भिंतीला बिस्किटी सिरॅमिक, १२ बाय १८, सात फुटांपर्यंत. हायलाइटर नाही, डॉल्फिन नाहीत, काळं काही नाही. दोन्हींची एकेक पेटी जास्तीची, ती माळ्यावर जाईल. नागपूरला पाहिलेल्या न्हाणीपुढे आमची साधी दिसेल, हे मान्य. पण बोअरचं पाणी तेच राहणार आहे आणि सासूबाईंचे गुडघेही.

कोणाला टाइल पाहायला निघायचं असेल तर सोबत पाण्याची बाटली आणि साबणाची वडी न्या. दुकानदार हसला तर हसू द्या. काकू हव्या असतील तर सकाळी दहानंतर मोकळ्या असतात. आणि मिस्त्री मात्र आत्ताच सांगून ठेवा. पोळा-गोटमारीच्या आधी साऱ्या गावाला घर पाहुण्यांसाठी तयार हवं असतं, तेव्हा तो कोणाच्याच हाती लागत नाही.